३०६० की ४०६०? मी नवीन देऊन जुनं घेतलं

एनव्हिडियाची आरटीएक्स ३०६० आणि त्यानंतरच्या पिढीचं ४०६०, दोन्ही ग्राफिक्स कार्डं माझ्या पीसीत बसून झालीत. ८ जीबी मेमरीचं ४०६० मी नवीन घेतलं, साडेचार महिने चालवलं आणि मग मित्राच्या १२ जीबी मेमरीवाल्या ३०६० शी सरळ अदलाबदल केली, वर एक पैसा न घेता. ज्याला सांगतो तो आधी विचारतो की बरा आहेस ना. त्यामुळे माझा कल कुठे आहे हे लपवण्यात अर्थ नाही, पण ४०६० वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, उलट बऱ्याच जणांनी तेच घ्यावं असं मला वाटतं. का ते बघा.

नुसते गेम खेळायचे असतील आणि मॉनिटर १०८०पी म्हणजे फुल एचडी असेल तर विषय जवळजवळ संपला, ४०६० घ्या. क्युडा कोअर, म्हणजे कार्डातले हिशोब करणारे छोटे भाग, जुन्यात जास्त दिसतील, ३५८४ आणि नव्यात ३०७२, पण त्या आकड्यावर जाऊ नका, नव्याचा क्लॉक, म्हणजे त्या भागांचा वेग, बराच वर आहे. माझ्याकडे ज्या गेममध्ये जुनं सेकंदाला साठ फ्रेमच्या आसपास रेंगाळतं तिथे नवं आरामात सत्तरच्या पुढे असायचं, तोच गेम, त्याच सेटिंग्ज. एनव्हिडियाचं स्वतःचं फ्रेम जनरेशन, म्हणजे दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्डानेच बनवून घातलेली फ्रेम, या दोघांत फक्त नव्यावर मिळतं. मला स्वतःला ते फार नाही आवडलं, डोळ्याला मऊ दिसतं पण माऊसला हात लावला की कळतं मधल्या फ्रेम कुठून आल्यात, अर्थात निवांत गोष्टीवाले गेम असतील तर मजा येते. स्ट्रीमिंग करणाऱ्यांना एव्ही१ या नव्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ दाबून पाठवणारा एन्कोडर पण नव्यातच आहे, जुन्यात नाही.

आणि आवाज. ४०६० ची पॉवर ११५ वॅट, ३०६० ची १७०. आकडा वाचून काही वाटत नाही पण रात्री रेंडर (थ्रीडी सीनमधून चित्रं बनवण्याचं काम) लावून त्याच खोलीत झोपायचं असेल तर वाटतं. ४०६० असताना मी दोनदा उठून बघितलंय की पीसी चालू आहे की बंद पडला. आताचं कार्ड बंद पडलं तर मला झोपेत कळेल.

मग तरी बदललं का, तर माझं निम्मं काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आता गंमत बघा, सीन कार्डाच्या मेमरीत बसत असेल तर ब्लेंडरमध्येही ४०६० च फास्ट आहे, आणि थोडंथोडकं नाही, चांगलं जाणवण्याइतकं. पण तो 'बसत असेल तर' मला नडला. एका वाड्याच्या चौकातून कॅमेरा हळूहळू दगडी भिंतीपर्यंत जातो असा २४० फ्रेमचा शॉट होता. पहिले आठ-दहा फ्रेम बघितले, एकदम मस्त वेगात चाललेत, म्हटलं सकाळपर्यंत होऊन जाईल आणि झोपलो. सकाळी बघतो तर १७३ फ्रेम झालेत आणि वर एक ओळ, 'सिस्टम इज आऊट ऑफ जीपीयू मेमरी'. रात्री कधीतरीच थांबलेला, पीसी नुसता थंड होत बसलेला.

चूक कार्डाची नाही म्हणा, सीन माझाच जड होता. भिंतीला अ‍ॅडॅप्टिव्ह सबडिव्हिजन लावलेलं, म्हणजे कॅमेरा जितका जवळ येईल तितके तिचे बारीक तुकडे पडणार आणि मेमरी वाढत जाणार, म्हणून पहिल्या फ्रेमला सगळं ठीक आणि शेवटाकडे बोंब. टेक्स्चरचा, म्हणजे वस्तूंवर चढवायच्या चित्रांचा, हिशोबही मी आधी कधी केला नव्हता. ४०९६ बाय ४०९६ चं एक टेक्स्चर, चार चॅनेल, प्रत्येकी एक बाइट धरला तर ६४ एमबी. एका मटेरियलला रंग, रफनेस, नॉर्मल, डिस्प्लेसमेंट असे चार घेतले की अडीचशेच्या वर. अशी वीस मटेरियल म्हणजे पाच जीबी, अजून जॉमेट्री, म्हणजे वस्तूंचे आकार, आलीच नाही. त्यात विंडोज आणि उघडा राहिलेला ब्राउझर आपला वाटा आधीच काढून घेतात, त्यामुळे ८ जीबी म्हणजे हातात ७ जीबी पण पूर्ण येत नाहीत.

उपाय आहेत, नाही असं नाही. ब्लेंडरच्या सिम्प्लिफाय सेटिंगमध्ये टेक्स्चर लिमिट टाकता येते, पर्सिस्टंट डेटा (फ्रेम झाल्यावरही सीन मेमरीत धरून ठेवणारा पर्याय) बंद ठेवायचा, ब्राउझर बंद, शॉट तुकड्यांत रेंडर करायचा. मी हे सगळं केलं. टेक्स्चर निम्मी केली तर रेंडर पूर्ण झाला पण जवळ गेल्यावर दगडाचा खरखरीतपणा गेला, प्लास्टर मारल्यासारखी भिंत, आणि तो शॉटच मुळात त्या दगडासाठी होता. खरा वैताग एका शॉटचा नव्हता, त्यानंतर प्रत्येक वेळी काही नवीन टाकायचं म्हटलं की आधी मेमरीचा आकडा बघायची सवय लागली त्याचा होता. काम करताना एक डोळा सतत तिकडे. तेच मला शेवटी सहन होईना.

अजून एक, माझा मदरबोर्ड जुना, पीसीआयई ३ वाला (पीसीआयई म्हणजे कार्ड आणि बाकी पीसी यांना जोडणारा रस्ता). ४०६० या रस्त्याच्या आठच लेन वापरतं, ३०६० सोळा. मेमरी पुरतेय तोवर फरक नगण्य, पण डेटा कार्डात मावला नाही आणि रॅममधून आणायची वेळ आली की ४०६० ला माझ्या बोर्डवर साधारण ८ जीबी प्रति सेकंदाची वाट मिळते, कार्डाची स्वतःची मेमरी २७२ जीबी प्रति सेकंदाने देते. लग्नाचं वऱ्हाड बोळातून न्यायचं तसं होतं. एका गेममध्येही अल्ट्रा टेक्स्चर लावल्यावर मान वळवली की अडखळायचं ते याच्यामुळेच असावं असा माझा अंदाज, कारण हाय वर आणलं की बंद. तुमचा बोर्ड नवा असेल तर हा मुद्दा अर्धा सोडून द्या.

३०६० आल्यापासून तोच शॉट मूळ टेक्स्चरसकट रेंडर झाला, दर फ्रेमला वेळ जास्त लागला हे खरं, पण सकाळी २४० होते. घरच्या घरी एआय मॉडेल चालवणाऱ्यांनाही साधारण हाच न्याय लागेल, १३ बिलियन पॅरामीटरचं मॉडेल चार बिटमध्ये दाबलं की १२ जीबीत बसतं, ८ मध्ये ओढाताण होते.

ठरवायच्या आधी एक करा, तुमच्या आताच्या कार्डावर सगळ्यात जड प्रोजेक्ट उघडा आणि टास्क मॅनेजरमध्ये डेडिकेटेड जीपीयू मेमरी किती भरते ते बघा. पाच-सहाच्या आत असेल तर माझं काही ऐकू नका, ४०६० घेऊन मोकळे व्हा. मित्र तर खूश आहे, तो फक्त गेम खेळतो आणि पीसी गप्प बसतो म्हणून मला अजून थँक्यू म्हणतो.

३०६० कडे वळलात तर दोन गोष्टी सांभाळा. सेकंडहँड असेल तर मायनिंगमध्ये राबलेलं असू शकतं, २०२१ च्या काळातली बरीच तशीच आहेत, त्यामुळे समोर अर्धा तास लोड देऊन पंखे ऐका. आणि याच नावाचं ८ जीबीचं कार्डही नंतर निघालेलं आहे, त्याची बस, म्हणजे मेमरीपर्यंतची वाट, १९२ बिटची नाही तर १२८ बिटची आहे. ते घेण्यात काहीच हशील नाही, डब्यावरचा १२ आकडा स्वतः वाचूनच पैसे द्या.