गोवंडीत खोली की नालासोपाऱ्यात वन आरके? शाळेच्या बाजूने बघितलं तर

घर बघताना आपण डिपॉझिट विचारतो, पाणी किती वाजता येतं ते विचारतो, स्टेशनपर्यंत चालून बघतो. शाळेचं मात्र एजंटच्या ‘जवळच आहे’वर भागतं. मुलं लहान असतील तर या दोन पर्यायांत खरा फरक तिथेच पडतो.

गोवंडीत जागा अडचणीची, पण मुंबई महापालिकेच्या शाळा आहेत. शिक्षण मोफत, दप्तर-गणवेश धरून २७ वस्तू मिळतात, मराठी-हिंदी-उर्दू माध्यमं मिळतात. महापालिकेच्या सीबीएसई शाळेवर भिस्त ठेवू नका, तिथे जागांपेक्षा अर्ज जास्त. शिवाय जवळची शाळा कितवीपर्यंत आहे आणि पुढे मुलं कुठे जातात, हे शाळा सुटताना फाटकाशी उभ्या असलेल्या आयांना विचारा. एजंटपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

नालासोपाऱ्यात मोरी-संडास घरातच. पण वसई-विरार महापालिका २००९ मध्ये झाली तरी सरकारी शाळा बराच काळ जिल्हा परिषदेकडेच राहिल्या, आणि वस्ती वाढली त्या वेगाने त्या वाढल्या नाहीत. ती जागा गल्लोगल्लीच्या इंग्लिश मीडियमने भरली. त्यांत चांगल्याही आहेत, बिनपरवान्याच्याही. पाटी दोघांची सारखीच चकचकीत. अकरा आकडी युडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी नोंदणीतला क्रमांक मागा, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. तो असला तरी मान्यता कितवीपर्यंत आहे ते कागदावर बघा. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादी काढतो, तीही चाळा.

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा; त्याखाली खासगी शाळांत गरीब आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ज्या २५ टक्के मोफत जागा असतात त्यांवर डोळा असेल तर घराचे कागद महत्त्वाचे. भाड्याच्या घरात राहत असाल तर पत्त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो, नुसती नोटरी चालत नाही. शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी प्राधान्य. झोपडपट्टीतला खोलीमालक नोंदणीला सहसा तयार होत नाही. इमारतीतला होऊ शकतो. इथे नालासोपारा पुढे. मात्र मूल तिसरी-चौथीत असेल तर हा मुद्दाच बाद, कारण प्रवेश सुरुवातीच्या वर्गालाच मिळतो.

दोघंही मुंबईत कामाला जात असाल तर मी गोवंडी म्हणेन: सकाळची शाळा दुपारी सुटते आणि नालासोपाऱ्याहून गेलेले आईबाप दिवे लागल्यावर परततात. घरी कुणी असेल, मूल पहिलीला जाणार असेल आणि मालक करार नोंदवत असेल, तर नालासोपारा. तोही करार आरटीईचे अर्ज भरणं सुरू होण्याआधीच्या तारखेचा हवा, आणि ते शाळा उघडण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं.