ब्राउझरमधील नकोशा सुविधा: सेटिंग्ज, अबाउट:कॉन्फिग की पॉलिसी?

नव्या टॅबवरचे प्रायोजित दुवे, पासवर्ड साठवू का अशी वारंवार होणारी विचारणा, बाजूच्या पट्टीतला एआय चॅटबॉट, खरेदीची कुपने अशा कितीतरी गोष्टी हल्ली ब्राउझरसोबत न मागता येतात. त्या बंद करण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत: सेटिंग्जचे पान, फायरफॉक्समधले अबाउट:कॉन्फिग हे अंतर्गत नोंदींचे पान, आणि पॉलिसी, म्हणजे ब्राउझरला संपूर्ण संगणकासाठी घालून दिलेले नियम. आपल्याकडे संगणक एक आहे की अनेक, आणि बंद केलेली सुविधा कायमची बंद राहायला हवी की नाही, यावर त्यांतला योग्य मार्ग ठरतो.

घरच्या एका संगणकासाठी सेटिंग्जचे पान बहुतेक वेळा पुरते. मराठी पान उघडले की क्रोम त्याचे भाषांतर करण्याची तयारी दाखवतो, हा अनेकांचा अनुभव आहे. भाषांच्या सेटिंग्जमध्ये ज्या भाषांसाठी भाषांतर सुचवू नये अशी यादी असते, तिच्यात मराठी घातली की काम झाले. येथे पॉलिसी वापरली तर भाषांतराची सोय सर्वच भाषांसाठी जाते आणि एखादे जर्मन पान वाचताना तिची उणीव भासते. सेटिंग्जची खरी अडचण शोधाशोधीची आहे, कारण मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये तर हे खटके वेगवेगळ्या पानांवर विखुरलेले आहेत.

फायरफॉक्सचे अबाउट:कॉन्फिग हे पान (पत्त्याच्या पट्टीत about:config लिहिले की उघडणारे) जाणकारांचे लाडके आहे, परंतु त्याचे कौतुक जरा जास्तच होते असे मला वाटते. तेथे अस्तित्वात नसलेले नाव टाइप केले तरी चूक दाखवली जात नाही. उलट त्या नावाची नवी नोंद करायची का, आणि ती कोणत्या प्रकारची, एवढेच विचारले जाते. त्यामुळे एका अक्षराची चूक झाली तरी नोंद ठळक अक्षरांत दिसते, आपण निश्चिंत होतो आणि सुविधा मात्र चालूच राहते. जुन्या लेखांतून उतरवलेल्या नोंदींचेही तेच होते. लेख नंतर वाचण्यासाठी जपून ठेवणारी पॉकेट ही सेवा ८ जुलै २०२५ रोजी बंद झाली, तरी ती बंद करणारी ओळ आजही अनेक तयार याद्यांमध्ये सापडते. शिवाय फायरफॉक्स 'रिफ्रेश' केला (म्हणजे मूळ स्थितीत आणला) किंवा नवे प्रोफाइल, म्हणजे सेटिंग्जचा वेगळा संच, काढले की असे बदल सोबत येत नाहीत. क्रोमच्या 'फ्लॅग्ज' नावाच्या खटक्यांवर तर याहूनही कमी भरवसा ठेवावा, कारण ते प्रयोगासाठी असतात आणि पुढच्या एखाद्या आवृत्तीत निघूनही जातात.

शाळेची संगणक-खोली, ग्रंथालय किंवा लहान कार्यालय सांभाळणाऱ्याने मात्र थेट पॉलिसीकडे वळावे. ही सोय फायरफॉक्समध्ये २०१८ साली, आवृत्ती ६० पासून आली. फायरफॉक्स ज्या फोल्डरमध्ये बसवलेला आहे, तेथे 'डिस्ट्रिब्यूशन' (distribution) नावाचे फोल्डर करून त्यात 'पॉलिसीज.जेसन' (policies.json) ही फाइल ठेवायची. तिच्यातील नियम त्या संगणकावरच्या सर्व प्रोफाइलांना लागू होतात आणि वापरणाऱ्याला ते सेटिंग्जमधून बदलता येत नाहीत. फाइल ठेवण्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. नोटपॅडने नावाच्या शेवटी गुपचूप '.टीएक्सटी' (.txt) जोडलेले नाही ना, हे पाहावे. एक स्वल्पविराम चुकला तरी संपूर्ण फाइल निकामी ठरते, पण येथे निदान अबाउट:पॉलिसीज या पानावर ती चूक दिसते, आणि अबाउट:कॉन्फिगच्या तुलनेत हाच मोठा फायदा आहे.

क्रोम आणि एज यांच्या पॉलिसी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, लिहाव्या लागतात, त्यामुळे नवख्याने त्यात हात घालण्यापूर्वी रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवावी. मुख्य पान किंवा शोधयंत्र ठरवणाऱ्या काही पॉलिसी कार्यालयीन डोमेनला (संस्थेच्या केंद्रीय व्यवस्थापनाला) न जोडलेल्या संगणकावर मानल्याच जात नाहीत. तिन्ही ब्राउझरांत पॉलिसी लागू झाल्यावर 'आपला ब्राउझर संस्थेकडून व्यवस्थापित केला जातो' अशा अर्थाची सूचना दिसू लागते. ती आपल्याच नियमांमुळे आलेली असते, मात्र आपण काहीही केलेले नसताना ती दिसली, तर संगणकात कोणते सॉफ्टवेअर शिरले आहे हे अवश्य तपासावे.