छातीरोगतज्ज्ञाची शिदोरी : निरंतर शिक्षणाच्या साधनांची जळगावहून केलेली पारख

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नियमानुसार नोंदणीचे नूतनीकरण करण्यासाठी डॉक्टरला पाच वर्षांत निरंतर शिक्षणाचे ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. हे पॉइंट जमवणे फारसे अवघड नाही. रविवारी एखाद्या हॉटेलच्या सभागृहात दोन-तीन व्याख्याने ऐकावीत, जेवण करावे आणि प्रमाणपत्र घेऊन घरी यावे, एवढ्यावर काम भागते. मात्र पॉइंट मिळाले म्हणजे शिक्षण झाले असे मानण्याची चूक मी स्वतः अनेक वर्षे केली. गेली तेरा वर्षे जळगावात छातीरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करताना मार्गदर्शक सूचना, नियतकालिके, प्रश्नसंच, संकेतस्थळे, वेबिनार आणि परिषदा अशी बरीच साधने मी पैसे देऊन किंवा फुकट वापरली. त्यांची ही पारख मी एकाच कसोटीवर करीत आहे. यावल-रावेरकडून आलेली आजी ‘रातले दम लागस’ म्हणून समोर बसते, तेव्हा आदल्या रात्री वाचलेले काही उपयोगी पडते की नाही, ही ती कसोटी आहे.

सुरुवात फुकट मिळणाऱ्या आणि तरीही सर्वांत मोलाच्या दोन साधनांपासून करतो. सीओपीडीवरील (श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाणाऱ्या आजारावरील) ‘गोल्ड’ आणि दम्यावरील ‘जिना’ या दोन जागतिक उपक्रमांचे अहवाल दरवर्षी सुधारून प्रसिद्ध होतात आणि कोणालाही उतरवून घेता येतात. दोन्हींच्या छोट्या खिशातल्या आवृत्त्याही मिळतात, परंतु माझा आग्रह मूळ अहवाल वाचण्याचा आहे, कारण छोट्या आवृत्तीत निष्कर्ष असतो आणि त्यामागचे कारण गळून गेलेले असते. २०२३ च्या ‘गोल्ड’ अहवालाने रुग्णांच्या वर्गीकरणातील सी आणि डी हे गट मोडून त्यांच्या जागी ई हा एकच गट केला, हे औषध कंपन्यांच्या प्रत्येक एमआरने (प्रतिनिधीने) आम्हाला येऊन सांगितले. त्याच अहवालात सीओपीडीचे कारणांनुसार वर्गीकरण सुचवलेले असून, त्यात विडी-सिगारेटमुळे होणारा आजार, चुलीच्या धुरामुळे व प्रदूषणामुळे होणारा आजार आणि क्षयरोगासारख्या संसर्गानंतर उरणारा आजार असे वेगवेगळे प्रकार दिले आहेत, हे मात्र कोणी सांगितले नाही. खानदेशातल्या डॉक्टरच्या दृष्टीने त्या वर्षीचा सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद हाच होता. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या, पण तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या आणि शेणाच्या गोवऱ्यांपुढे चाळीस वर्षे भाकरी थापलेल्या बायका माझ्या ओपीडीत रोज असतात. औषधांच्या बहुतेक मोठ्या चाचण्या धूम्रपान करणाऱ्या रुग्णांवरच झालेल्या असल्यामुळे या बायकांना ते निष्कर्ष किती लागू पडतात, हा प्रश्न अहवाल मिटवून टाकत नाही, आणि माझ्या मते हा त्याचा प्रामाणिकपणा आहे.

‘जिना’चे वाचन त्याहून सोपे आहे. २०१९ पासून या अहवालाने प्रौढांमध्ये आणि किशोरवयीन मुलांमध्ये केवळ सॅल्ब्युटामॉलसारख्या तात्पुरता आराम देणाऱ्या औषधावर दमा हाताळू नये, अशी स्पष्ट भूमिका घेतली. आमच्याकडे सॅल्ब्युटामॉलची गोळी आणि स्टेरॉइडची गोळी यांची पुडी वर्षानुवर्षे घेणारे रुग्ण येतात आणि ‘पंपाची सवय लागते’ हा समज घट्ट धरून बसतात. त्यांच्याशी बोलताना या बदलामागील कारणे नेमकी माहीत असणे फार उपयोगी पडते. अहवालात बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा (सूज कमी करणारे आणि श्वासनलिका उघडणारे अशा दोन औषधांचा) एकच पंप रोजच्या उपचारालाही आणि त्रास वाढल्यावरही वापरण्याची पद्धत सविस्तर दिली आहे. मात्र आपल्याकडे बहुतांश रुग्ण कॅप्सूल फोडून ओढण्याचे साधे यंत्र वापरतात, त्यामुळे मात्रांचे कोष्टक जसेच्या तसे उचलता येत नाही, ते आपल्यालाच जुळवून घ्यावे लागते.

भारतीय साधनांकडे आमच्यातले अनेक जण उगाच दुर्लक्ष करतात. इंडियन चेस्ट सोसायटीचे ‘लंग इंडिया’ हे नियतकालिक पूर्णपणे मुक्त आहे, आणि या सोसायटीने नॅशनल कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्सबरोबर संयुक्तपणे तयार केलेल्या मार्गदर्शक सूचनाही तिथे वाचायला मिळतात. त्यांतील स्पायरोमेट्रीवरील (यंत्रात फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याच्या तपासणीवरील) २०१९ च्या सूचना मी तीन वेळा वाचल्या आणि दुसऱ्या वाचनात माझ्याच दवाखान्यातल्या चुका सापडल्या. आमचा टेक्निशियन रुग्णाला ‘फुंका’ एवढेच सांगत असे आणि सहा सेकंदांपूर्वीच थांबू देत असे, तर यंत्राची अचूकता तपासण्याचा विषय आमच्याकडे कधी निघालाच नव्हता. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी यांनी २०२२ मध्ये अहवाल वाचण्याची जी संयुक्त पद्धत प्रसिद्ध केली, तीही यासोबतच वाचावी. तिच्यात पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा आणि एकूण फुंकलेली हवा यांच्या ०.७० या ठरावीक गुणोत्तराऐवजी वय, उंची आणि लिंग लक्षात घेणारी सामान्य मूल्याची खालची मर्यादा वापरण्यास सांगितले आहे, आणि औषध दिल्यानंतरची सुधारणा मोजण्याचा जुना १२ टक्के व २०० मिलिलिटरचा नियम बदलून अपेक्षित मूल्याच्या १० टक्क्यांहून अधिक वाढ हा निकष घेतला आहे. ‘गोल्ड’ मात्र ०.७० वरच टिकून आहे. दोन प्रतिष्ठित साधने अशी वेगळी बोलू लागली की तरुण डॉक्टर गोंधळतो. मला तो गोंधळ उपयुक्त वाटतो, कारण सत्तरीच्या म्हाताऱ्याला विनाकारण सीओपीडीचा शिक्का मारण्यापूर्वी हात थोडा थांबतो.

‘इंडियन’ म्हटले की परदेशी कागदपत्रांचा कमअस्सल तर्जुमा, असे समजणाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध झालेली आयएलडी-इंडिया नोंदवही जरूर वाचावी. देशातील २७ केंद्रांवरील १०८४ रुग्णांच्या या अभ्यासात आयएलडी, म्हणजे वायुकोशांभोवतीच्या ऊतींना सूज किंवा व्रण आणणाऱ्या फुप्फुसाच्या आजारांपैकी हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचे (श्वासातून आत गेलेल्या बुरशी-धुळीच्या अॅलर्जीने येणाऱ्या सुजेचे) प्रमाण सर्वाधिक, ४७.३ टक्के, आढळले आणि त्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांचा एअर कूलरशी संबंध होता. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतून शिकलेल्या आम्हा मंडळींना अशा आजारात कबुतरे आणि ओला चारा यांबद्दल विचारण्याची सवय होती. जळगाव-भुसावळात एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि घरोघरी कूलर दिवसरात्र चालतात. त्यांतले गवत दोन-दोन उन्हाळे बदलले जात नाही, आणि टाकीतले पाणी हिरवे झाल्याशिवाय कोणी ओतत नाही. हा निबंध वाचल्यापासून रुग्णाला विचारायच्या माझ्या प्रश्नावलीत ‘कूलर कुठे ठेवला आहे, गवत कधी बदलले’ हे प्रश्न पक्के झाले. एका निबंधाने ओपीडीतला संवाद बदलल्याचे असे दुसरे उदाहरण माझ्या आठवणीत नाही.

क्षयरोगासाठी राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाच्या मार्गदर्शक पुस्तिकांना पर्याय नाही. त्या रुक्ष आहेत, त्यांची भाषा परिपत्रकाची आहे आणि पाच पाने वाचल्यावर सहाव्या पानावर डोळा लागतो, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगासाठी बीपाल्म ही चार औषधांची, सुमारे सहा महिन्यांची उपचारपद्धती २०२४ मध्ये आपल्या देशात मंजूर झाली. दीड-दोन वर्षांच्या जुन्या उपचाराच्या तुलनेत हा बदल एवढा मोठा आहे की खासगी डॉक्टरनेही तो मूळ कागदातून शिकला पाहिजे. त्यातील बेडाक्विलिनमुळे ईसीजीत होणारा बदल, तसेच लिनेझोलिडमुळे होणारा रक्तक्षय, पायांची आग आणि दृष्टीवरील परिणाम यांवर लक्ष कसे ठेवावे, हे तिथे नीट सांगितले आहे. माझी तक्रार वेगळी आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आदिवासी रुग्णांमध्ये सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे आहे, आणि ज्याचे हिमोग्लोबिन मुळातच आठ आहे अशा रुग्णाला लिनेझोलिड देताना कोणता उंबरठा धरावा, याचे सविस्तर मार्गदर्शन मला हवे होते. ते सापडले नाही. शेवटी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील एका ज्येष्ठ प्राध्यापकांना दूरध्वनी करावा लागला, आणि त्या दहा मिनिटांत मी जे शिकलो त्याचा क्रेडिट पॉइंट अर्थातच मिळाला नाही.

संकेतस्थळांमध्ये दोन ठिकाणांची शिफारस मी हातचे न राखता करीन. फ्रान्समधील दिजों येथून चालवले जाणारे ‘न्यूमोटॉक्स’ हे औषधांमुळे होणाऱ्या फुप्फुसविकारांचे कोठार आहे. औषधाचे नाव टाकले की त्यामुळे फुप्फुसात कोणकोणते बदल नोंदले गेले आहेत हे समोर येते, आणि उलट बाजूने, सीटी स्कॅनवर दिसलेल्या बदलावरून संशयित औषधांपर्यंतही जाता येते. चोपड्याच्या एका वृद्ध बाईंचा कोरडा खोकला आणि दोन्ही फुप्फुसांतील छाया यांचे कारण आम्ही तीन आठवडे शोधत होतो. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी त्या नायट्रोफ्युरँटॉइन अनेक महिने घेत होत्या, हे त्यांच्या सुनेने पिशवी उलटी केल्यावर कळले, आणि उरलेली खात्री या संकेतस्थळाने करून दिली. दुसरे ठिकाण ‘रेडिओपीडिया’. फ्रँक गेलार्ड या ऑस्ट्रेलियन क्ष-किरणतज्ज्ञाने २००५ मध्ये सुरू केलेल्या या संग्रहात संपूर्ण सीटी स्कॅन एकेका छेदाने सरकवत पाहता येतो. छापील पुस्तकातल्या निवडक चित्रापेक्षा ही सोय कितीतरी श्रेष्ठ आहे.

प्लुरामधील (फुप्फुसाभोवतीच्या आवरणातील) पाण्याच्या बाबतीत ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०२३ च्या सूचना उत्तम आहेत. त्या वाचताना ब्रिटनमध्ये क्षयरोग कमी आहे याचे भान तेवढे ठेवावे, कारण क्षयरोगाचा अंदाज देणाऱ्या, पाण्यातील एडीए तपासणीचे वजन रोगाच्या प्रादुर्भावानुसार बदलते. हे त्या सूचनांतही सांगितलेले आहे, पण घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून ते निसटते.

वर्गणी भरून घ्यायच्या साधनांपैकी अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्सचा ‘सीक’ हा प्रश्नसंच मी दोन वर्षे वापरला. प्रत्येक प्रश्नामागचे विवेचन सखोल आहे, आणि चुकलेले उत्तर बरोबर आलेल्या उत्तरापेक्षा जास्त शिकवते, असा अनुभव आला. अतिदक्षता विभागातील व्हेंटिलेटर आणि झोपेतील श्वसनाचे विकार या विषयांत माझे कच्चे दुवे त्यानेच उघडे पाडले. परंतु त्यातला रुग्ण अमेरिकन आहे. फुप्फुसातली गाठ पाहिली की तिथे अमेरिकेच्या वाळवंटी नैर्ऋत्य भागातल्या बुरशीचा विचार आधी येतो, तर आमच्याकडे तोच रुग्ण क्षयरोगासाठीच्या बेडक्याच्या तपासणीशिवाय दारातून बाहेर पडू शकत नाही. किंमत डॉलरमध्ये असल्यामुळे तालुक्याच्या गावी नव्याने बसलेल्या डॉक्टरला मी ती भरा असे सांगणार नाही. त्याऐवजी युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीचे ‘ब्रीद’ हे शिक्षणासाठीच वाहिलेले नियतकालिक विनामूल्य वाचता येते, तिथून त्याने सुरुवात करावी.

एका व्हिडिओ अभ्यासक्रमाबाबत मात्र माझा अनुभव वाईट आहे. वर्षभराचे पैसे आगाऊ भरले, निम्मी व्याख्याने तीन वर्षांपूर्वी ध्वनिमुद्रित केलेली निघाली, आणि शंका विचारण्यासाठी दिलेल्या रकान्यात पाठवलेल्या चार प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर आले नाही. पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक व्याख्यानाची तारीख पाहावी, एवढा धडा त्यातून मिळाला.

औषध कंपन्यांच्या रात्री नऊच्या वेबिनारविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे. वक्ते अनेकदा खरोखर विद्वान असतात, पण विषयाची निवड त्यांची नसते. २०२४ च्या औषध विपणन संहितेने वक्ता नसलेल्या डॉक्टरचा प्रवासखर्च कंपनीने करण्यास मनाई केल्यामुळे छातीरोगतज्ज्ञांच्या ‘नॅपकॉन’सारख्या राष्ट्रीय परिषदेला जायचे तर आता खिशातून पैसे घालावे लागतात. त्याचे मला वाईट वाटत नाही, कारण स्वतःचे पैसे घातलेला माणूस सभागृहात बसतो. परिषदेतील व्याख्यानांपेक्षा तिच्या आधी भरणाऱ्या प्रत्यक्ष सरावाच्या कार्यशाळा मला सरस वाटतात. एंडोब्राँकिअल अल्ट्रासाउंडची (श्वासनलिकेत नळी घालून आतून केलेल्या सोनोग्राफीची) सुई योग्य गाठीत कशी न्यावी, हे कोणताही व्हिडिओ हाताला शिकवू शकत नाही. त्यासाठी दोन दिवस दवाखाना बंद ठेवून जळगावहून रात्रीची गाडी धरणे मला परवडते.

आमचा व्हॉट्सअॅप गट हेही एक साधनच म्हणावे लागेल. जळगाव, धुळे आणि भुसावळचे आम्ही काही जण अडलेले एक्स-रे त्यावर टाकतो, अर्थात रुग्णाचे नाव झाकून. उत्तर पाच मिनिटांत येते हा त्याचा गुण आहे, आणि ते तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचेही असू शकते हा दोष. खिडकीला लावून काढलेल्या सीटी फिल्मच्या छायाचित्रावरून निदान करू नये, असा नियम आम्ही केला आहे आणि दर आठवड्याला मोडतो.

या सगळ्या साधनांत एक पोकळी मात्र कायम आहे. दिवाळीच्या आसपास कापसाचे जिनिंग सुरू झाले की सुट्टीनंतर कामावर परतताच, सोमवारी छाती आवळल्याची तक्रार घेऊन मजूर येतात. डाळ मिलमधला माणूस वर्षभर खोकतो, आणि नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर काम करणाऱ्या बायकांचा खोकला अॅलर्जीचा की नुसत्या जळजळीचा, हे ठरवता येत नाही. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची प्रतवारी ब्रिटिश डॉक्टर शिलिंग यांनी १९५० च्या दशकात इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरणी कामगारांवरून बांधली, आणि आजही मला त्याच प्रतवारीचा आधार घ्यावा लागतो. डाळीच्या आणि मिरचीच्या धुळीवर ओपीडीत वापरता येईल असा अभ्यासघटक वरीलपैकी एकाही साधनात मला मिळाला नाही. आम्ही चौघांनी आता अशा रुग्णांची एकसारखी नोंद ठेवायला सुरुवात केली आहे. कामाची जागा, कामाची वर्षे, सोमवारचा त्रास आणि कामाची पाळी सुरू होण्याआधीची व संपल्यानंतरची फुंक, एवढेच रकाने त्यात आहेत.

या वर्षी मी प्रश्नसंचाच्या वर्गणीचे नूतनीकरण केले नाही. त्या पैशांत भर घालून स्पायरोमीटर तपासण्याची तीन लिटरची सिरिंज घेतली, आणि ओपीडी उघडण्यापूर्वी आमचा टेक्निशियन आता ती रोज हळू, मध्यम आणि जोरात अशी तीन वेळा ढकलतो.