डिफ्रॅगला पैसे नकोत, बॅकअपला डिस्क घ्या

दिवाळीच्या तोंडावर खानापूरहून मामांचा फोन आला. "अगं, कॉम्प्युटर लई हळू झालाय. चालू करून चहा टाकावा, पिऊन यावं, तरी पडद्यावर गोल फिरतंयच. डिफ्रॅगचं एखादं चांगलं सॉफ्टवेअर सांग की. आणि बॅकअपचंपण सांग, दोन्ही एकदमच घालून टाकतो."

मी बेळगावच्या शहापुरात घरीच लग्नपत्रिका आणि गणेश मंडळांच्या पावत्यांचं डीटीपी करते. त्यामुळे नात्यागोत्यात कुणाचाही कॉम्प्युटर अडला की फोन माझ्याकडे येतो. बहुतेकांचा प्रश्न मामांसारखाच असतो: दोन्ही एकदम. पण डिफ्रॅग म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे जुळवणं, बॅकअप म्हणजे फाइलींची जादा प्रत दुसरीकडे ठेवणं; ही दोन कामं एका पारड्यात बसत नाहीत. डिफ्रॅग केलं नाही तर कॉम्प्युटर रखडत चालतो. बॅकअप नसेल तर एक दिवस उघडायला फाइलच राहत नाही. माझा कल त्यावरून कळेलच, तरी पर्याय मांडते.

डिफ्रॅग: आधी डिस्क ओळखा

जुन्या हार्ड डिस्कमधली चकती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. ७,२०० वालीलाही एका फेऱ्याला ८ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. एका फाइलचे तुकडे चकतीवर इकडेतिकडे पडले, की ते वाचणारा हेड प्रत्येक तुकड्यासाठी जागा बदलतो आणि चकती फिरून समोर यायची वाट बघतो. शंभर तुकडे असले की सेकंदभर नुसतं थांबणंच होतं. डिफ्रॅग हे तुकडे ओळीने लावून देतं.

एसएसडीत, म्हणजे चिपांच्या नव्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसतंच. तुकडा कुठेही असला तरी पोचायला सारखाच वेळ. तिथे डिफ्रॅग चालवून पदरात काही पडत नाही, उलट ज्या चिपांवर मोजकंच लिहिता येतं, त्यांच्यावर फुकटचं लिखाण होतं.

आपल्याकडे कोणती डिस्क आहे हे बघायला पेटी उघडायची गरज नाही. स्टार्टमध्ये इंग्रजीत डिफ्रॅग टाइप करा, ड्राइव्हची यादी उघडेल. मीडिया टाइपच्या रकान्यात सॉलिड स्टेट ड्राइव्ह लिहिलेलं दिसलं तर डिफ्रॅगचा विषय तुमच्यापुरता संपला, सरळ बॅकअपकडे चला. विंडोज अशा डिस्कला स्वतःहून ट्रिम पाठवतं, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा आता मोकळी आहे हे तिला कळवतं. तेवढं पुरे.

हार्ड डिस्क असेल तर तुलना करायची ती विंडोजमध्ये आधीपासून असलेल्या साधनाशी. ते आठवड्यातून एकदा आपोआप चालतं, फक्त वेळापत्रक चालू आहे ना तेवढं बघून ठेवा. दुसरीकडे डिफ्रॅगलर, ऑसलॉजिक्स, स्मार्ट डिफ्रॅग ही फुकटात मिळणारी आणि ओ अँड ओ डिफ्रॅगसारखी विकतची. यातलं कुणीही डिस्कवर जादू करत नाही. फाइल हलवायची सोय विंडोजच्या आतच आहे, एनटी ४.० या जुन्या आवृत्तीपासून, आणि ही सगळी मंडळी तीच वापरतात. फरक पडतो तो काय कुठे लावायचं या हिशोबात आणि रंगीत चौकोनांच्या नकाशात.

इथे एक गंमत सांगते, कारण दुकानात याच आकड्यावर माणसं फसतात. विंडोज म्हणतं २ टक्के तुकडे, बाहेरचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर २० टक्के दाखवतं. खोटं कुणीच बोलत नसतं. व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोज ६४ एमबीपेक्षा मोठ्या तुकड्याला तुकडा धरतच नाही. एवढा सलग मजकूर एकदा वाचायला घेतला की मधली एक उडी जाणवत नाही. बाहेरची सॉफ्टवेअरं तोही मोजतात. लग्नाचे व्हिडिओ साठवलेल्या डिस्कवर मग आकडा फुगून दिसतो.

डिफ्रॅगलरमध्ये मला आवडतं ते एवढंच, की एकच फाइल किंवा एकच फोल्डर निवडून नीट लावता येतं. पण त्याची नवी आवृत्ती २०१८ नंतर आलेली नाही. ओ अँड ओमध्ये नावाप्रमाणे, तारखेप्रमाणे, वापराप्रमाणे फाइली लावायच्या तऱ्हा आहेत आणि विंडोज सुरू होण्याआधीच काही फाइली हलवायची सोय आहे. ऑफिसच्या सर्व्हरला कदाचित उपयोग होईल. घरच्या कॉम्प्युटरला विंडोजचंच ठेवा. डिफ्रॅगसाठी बाजूला काढलेले पैसे एसएसडीत घाला, वेग दिसेल तो तिथे.

वळवाच्या पावसात दुपारी चारला लाइट जाते, तेव्हा डिफ्रॅग चालू असलं तर? सहसा फाइल जात नाही, कारण तुकडा आधी नव्या जागी लिहिला जातो आणि मगच नोंद बदलते. तरीही यूपीएस नसेल तर आभाळ भरून आल्यावर मी ते काम काढत नाही.

बॅकअप: इथे खरा विचार करा

बॅकअपमध्ये मूळ फरक दोन जातींचा. एक फक्त फाइली उचलतं, दुसरं अख्ख्या डिस्कचा ठसा घेतं, त्याला इमेज म्हणतात.

फाइलींच्या बाजूला विंडोजची फाइल हिस्ट्री आहे. एक्स्टर्नल डिस्क लावली, चालू केलं, की तासातासाला बदललेल्या फाइलींची प्रत निघते आणि जुन्या प्रतीही राहतात. परवाची पत्रिका आज बिघडवली तर परवाची परत मिळते. घरगुती माणसाला एवढ्या सोप्या सोयीला तोड नाही. पण आपल्याकडे कॉम्प्युटर बसवणाऱ्या प्रत्येकाने शिकवलेलं असतं, "सी मध्ये काही ठेवू नका, सगळं डी मध्ये ठेवा." फाइल हिस्ट्री डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप वगैरे घेते, डी मधलं फोल्डर आपण लायब्ररीत (विंडोजच्या फोल्डरांच्या यादीत) जोडलं नाही तर त्याकडे ढुंकूनही बघत नाही. वर्षभर बॅकअप चालू आणि आत कामाचं काहीच नाही, असं एका शेजाऱ्यांकडे मी डोळ्यांनी पाहिलं.

त्याच बाजूला फ्रीफाइलसिंक हे सॉफ्टवेअर आहे. डावीकडे मूळ फोल्डर, उजवीकडे बॅकअप, काय नवं काय जुनं ते दिसतं. देवनागरी नावांच्या फाइलीही नीट जातात. एकच सांभाळा: मिररवर, म्हणजे दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या राहतील असं ठेवलं आणि चुकून मूळ फाइल पुसली, तर पुढच्या वेळी बॅकअपमधलीही पुसली जाते. जुन्या प्रती ठेवायचा पर्याय चालू करा.

इंटरनेटवर साठवायचं तर वनड्राइव्हवर ५ जीबी फुकट, गूगलवर १५ जीबी. उतारे, आधार, मार्कलिस्टचे स्कॅन यांना पुरेसं. आमच्या घरी चंदगडकडचा सातबारा आणि इकडचा, म्हणजे कर्नाटकातला, आरटीसी हा जमिनीचा उतारा दोन्ही स्कॅन करून तिथे आहेत. बारशाचे व्हिडिओ मात्र तिथे मावत नाहीत.

आता इमेज. सीमाभागातल्या घरांना इमेज का हवी, याचं माझं कारण जरा वेगळं आहे: फाँट. माझ्या जुन्या मराठी पत्रिका श्रीलिपीत आहेत, कन्नड मजकूर नुडीत. दोन्ही युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या पद्धतीचे. फाइल बॅकअपमधून ती पत्रिका दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली, तर 'श्री गजाननाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टोप्या घातलेली चिन्हं. फाइल शाबूत, पण वाचता येत नाही, कारण फाँट विंडोजच्या पोटात राहिले. इमेजमध्ये फाँट, प्रिंटरची सेटिंग, सगळं जसंच्या तसं परत येतं. नुसता फाइल बॅकअप घेणार असाल तर फाँटचं फोल्डरही वेगळं उचलून ठेवा.

इमेजसाठी बरीच वर्षं सगळे मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती सुचवायचे. १ जानेवारी २०२४ पासून तिचा आधार बंद झाला. जुन्या सल्ल्यावर जाऊन ती शोधत बसू नका. विंडोजमध्येच विंडोज ७ च्या नावाचं बॅकअप अजून दिसतं, पण त्यातलं इमेजचं काम मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच मोडीत काढायच्या यादीत टाकलं. नव्याने त्यावर विसंबू नका.

उरतात तीन वाटा. व्हीम एजंटची फुकट आवृत्ती दिसायला ऑफिसातली वाटते, सुरुवातीला ईमेल देऊन नोंदणी मागते, पण एकदा बसवली की विसरून जावं अशी. डिस्क लावली की काम सुरू, झालं की डिस्क स्वतःहून सोडते. हे सोडणं महत्त्वाचं: २०१७ च्या वॉनाक्रायसारखं फाइलींना कुलूप लावून पैसे मागणारं काही घरात शिरलं, तर लावून ठेवलेली एक्स्टर्नलही कॉम्प्युटरबरोबरच कुलूपबंद होते. दुसरी वाट एओएमईआय किंवा ईझअस. मोठी बटणं, सोपी भाषा, फुकट आवृत्तीत बेतापुरतं होतं, बाकीच्या बटणांना पैसे लागतात. इंग्रजी वाचायचा कंटाळा असलेल्या काकांना मी हे देईन. तिसरी क्लोनझिला: पेन ड्राइव्हवरून सुरू होते, पूर्ण फुकट, पण अक्षरांचे पडदे बघून घाम फुटतो, आणि मूळ डिस्क कुठली व नवी कुठली यात चूक झाली तर होत्याचं नव्हतं. तेच काम चित्रं-बटणांनी करणारी रेस्क्यूझिला आहे, ती क्लोनझिलाच्या इमेजही वाचते. विंडोज बदलण्याआधी एकदाच इमेज घ्यायची असेल तर मी तीच घेते.

ॲक्रॉनिस चांगलं आहे, पण दरवर्षी पैसे भरायचे. त्या पैशात दुसरी एक्स्टर्नल घ्या, असं मी सांगेन.

दुसरी का, ते मला २०१९ च्या ऑगस्टमधल्या पावसाने शिकवलं. खालच्या खोलीत गुडघाभर पाणी शिरलं. कॉम्प्युटर टेबलाखाली, आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. दोन्ही एकाच पाण्यात. मूर्खपणा माझाच. आता एक डिस्क कपाटाच्या वरच्या खणात आणि एक निपाणीला आत्याकडे, तांदळाच्या डब्याशेजारी. दर दोन-तीन महिन्यांनी जाणं होतं तेव्हा अदलाबदल करते.

डिफ्रॅग आणि बॅकअप एकमेकांच्या पायात येतात ते इथे. इमेजवाली सॉफ्टवेअरं पहिल्यांदा सगळं घेतात, नंतर फक्त बदललेले भाग. डिफ्रॅगने फाइली जागेवरून हलवल्या की त्यातल्या काहींना डिस्कचे खूप भाग बदललेले दिसतात, आणि रोजची छोटी इमेज अचानक फुगते. विंडोजचे जुने रिस्टोअर पॉइंटही (मागच्या स्थितीत परत जायच्या नोंदी) त्यात उडू शकतात. म्हणून जुन्या डिस्कवर मोठं डिफ्रॅग करायचंच असेल तर आधी बॅकअप, मग डिफ्रॅग, मग पुन्हा नवी पूर्ण इमेज.

मामांकडे रविवारी गेले. डिस्क फिरतीच निघाली. डिफ्रॅगला हात लावण्याआधी डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं. त्यात निळा रंग म्हणजे ठीक. मामांची डिस्क पिवळी, खाली न वाचता येणाऱ्या सेक्टरांचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचा, आकडा. कॉम्प्युटर हळू होता तो तुकड्यांमुळे नाही, डिस्क मरायला टेकली होती. तिच्यावर तासन् तास डिफ्रॅग चालवणं म्हणजे आजारी बैलाला नांगराला जुंपणं.

मामा शेजारी उभे. "मग डिफ्रॅग?"

"नाही. आधी सांगा, कुठलं फोल्डर गेलं तर मामी घरात घेणार नाही?"

त्यांनी मुंजीचं दाखवलं. तेच आधी उचललं, मग उतारे, मग बाकीचं. मुंजीतले तीन फोटो काही केल्या निघाले नाहीत, तिथे येऊन दरवेळी अडकायचं, शेवटी ते वगळून पुढे गेलो. पुढच्या आठवड्यात एसएसडी घातली, विंडोज नव्याने टाकलं, एक्स्टर्नलवर फाइल हिस्ट्री सुरू केली आणि डी मधली दोन फोल्डर लायब्ररीत जोडली. ते तीन फोटो आता मामा चुलत्यांच्या मोबाइलमध्ये शोधतायत.