विधी सेवा समितीच्या मोफत वकिलाकडून वारसाचं काम करून घेतलं, त्याचा अनुभव

बाबांच्या मागे वावराच्या वारसनोंदीचा गुंता झाला आणि मी आमच्या तालुका विधी सेवा समितीत अर्ज केला. त्याला आता वर्ष होत आलंय. काम बहुतेक मार्गी लागलं, म्हणून सविस्तर लिहिते. आमच्या वऱ्हाडात कितीतरी बायकांना ही सोय माहीतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी पैशाचं बोलू. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा आहे. त्याच्या कलम 12 प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना आणि अपंगांनाही तसंच. कायद्यातल्या अशा आणखी काही गटांखेरीज बाकीच्यांना उत्पन्नाची अट आहे. समितीचं ऑफिस तालुक्याच्या कोर्टातच असतं. अर्जासोबत आधार, सातबारा आणि बाबांचा मृत्यूचा दाखला दिला. वकिलाची फी लागली नाही. झेरॉक्स, नकला आणि एसटीचं भाडं एवढंच माझ्या पदरचं.

गुंता असा होता. बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. वारस चौघं: आई, मोठा भाऊ, मी आणि धाकटी बहीण. पटवाऱ्यानं फेरफार (सातबाऱ्यावरची नावं बदलायची नोंद) धरला त्यात भोगवटादार, म्हणजे जमीनधारक, म्हणून एकट्या दादाचं नाव, आणि आम्हा तिघींची नावं बाजूच्या 'इतर हक्क' या रकान्यात. गावात कोणाला त्यात वावगं वाटलं नाही, कारण किती घरांत असंच चालत आलंय. वरून तहसीलसमोरच्या एका अर्जनवीसाकडून स्टॅम्पपेपरवर हक्कसोड लिहून आणलेली. आम्ही बहिणींनी फक्त सह्या करायच्या. काका म्हणाले, "तुह्या घरी काय कमी हाय? पोरीनं माहेरची माती मागू नये."

वकील मॅडमनी कागद पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "जमीन बाबांनी घेतलेली की आजोबांकडून आलेली?" मग जुने फेरफार काढायला लावले. काही गट, म्हणजे जमिनीचे तुकडे, आजोबांचे निघाले, एक बाबांनी स्वतः विकत घेतलेला. मॅडमनी माझ्या वहीच्या पानावर आजोबांपासूनचं झाड काढून प्रत्येकाच्या नावाखाली हिस्सा लिहून दाखवला. वडिलोपार्जित जमिनीत हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलगीही मुलासारखीच जन्मापासून हिस्सेदार आहे. 2005 मध्ये वडील हयात नसले तरी हा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालात स्पष्ट केलं. बाबांनी घेतलेला गट मृत्युपत्र नसल्यामुळे 1956 च्या त्याच कायद्यानं आई आणि तिन्ही लेकरांत सारखा. लग्नानं यातलं काहीच जात नाही. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

हक्कसोडीबद्दल त्या स्पष्ट बोलल्या: दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेली नसेल तर तिच्यावर जमिनीतला हक्क सुटत नाही, आणि मनात नसेल तर सही करायचीच नाही. मग फेरफारावर हरकत घेतली. त्यासाठी नोटिशीपासून 15 दिवस मिळतात, आणि हरकतीची पोच घ्यावीच घ्यावी. प्रकरण मंडळ अधिकाऱ्यांकडे सुनावणीला गेलं.

इथं सेवेची उणी बाजूही सांगते. समितीच्या पॅनलवरच्या (यादीतल्या) वकिलांची स्वतःचीही कामं असतात, फोन लवकर लागत नाही. सुनावणीची तारीख पुढे ढकलली गेली तेही आम्हाला तिथं पोचल्यावर कळलं. पटवाऱ्याकडच्या चकरा तर आपल्यालाच माराव्या लागतात. कापूस वेचणीच्या दिवसांत हे फार जड गेलं.

पण ज्यासाठी मी समितीचे उपकार मानते ती गोष्ट वेगळीच. त्यांनी दादाला पत्र पाठवून समोरासमोर बसवलं. तो तावातावानं आला, आणि बोलता बोलता कळलं की त्याला खरी भीती पीककर्जाची होती. सातबाऱ्यावर चार नावं आली की पीककर्ज देणारी गावची सोसायटी सगळ्यांची संमती मागते, आणि ऐन पेरणीत बहिणी अडून बसल्या तर? आम्ही संमतीपत्र देतो म्हटलं आणि त्याचा आवाज खाली आला. चौघांची नावं भोगवटादार म्हणून लागली. पुढे बहिणीनं आपल्या खुशीनं हक्क सोडला, तोही नोंदवून. मी माझा ठेवला. वावर दादाच वाहतो, आणि दिवाळीला मी माहेरी गेले होते.

मग आईनं आपल्या हिश्शाचं मृत्युपत्र करायचं ठरवलं. "माह्या मागं पुन्हा हे नको," म्हणाली. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणीची सक्तीही नाही. आई अंगठा करते म्हणून मॅडमनी नोंदणीचा आग्रह धरला. दोन साक्षीदार लागतात. त्यांत ज्याला काही मिळणार आहे असा कोणी नको, आणि शक्यतो आईपेक्षा वयानं लहान असावेत, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरांचा दाखला जोडला. मजकूर आईला वऱ्हाडीत वाचून दाखवला. एका गटाचा नंबर चुकलेला तिनंच पकडला, कारण धुऱ्यावरचं (बांधावरचं) बाभळीचं झाड त्या गटात नव्हतंच.

बाबांच्या बँकेतल्या ठेवीचं अजून चालू आहे. नॉमिनी दादा आहे. पण नॉमिनीनं पैसे घ्यायचे ते वारसांसाठी, हे आता त्यालाही पटलंय.

ज्यांना तालुक्याला जाणं जमत नाही त्यांनी विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन करावा. फेरफाराची नोटीस हाती आली असेल तर थांबू नका, ती घेऊनच समितीत जा. वकील आधी तिच्यावरची तारीख बघतात.