जुना सीएनसी राउटर: नऊ महिने वापरल्यानंतर

आधी कंट्रोलर (मोटारींना हुकूम देणारा भाग) बदलला, ही माझी पहिली आणि सगळ्यात महागात पडलेली चूक. तिच्याकडे येतोच, पण आधी मशीनची ओळख.

कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकूड कापणारं-कोरणारं, साधारण दहा वर्षं जुनं मशीन. ६०० बाय ९०० मिलिमीटरचा बेड, खालून आधार दिलेल्या गोल रॉडवर सरकणारी बेअरिंगं, एक्स आणि वाय अक्षांना १६ मिलिमीटर व्यासाचे आणि १० मिलिमीटर लीडचे (एका फेऱ्यात तेवढं सरकवणारे) बॉल स्क्रू, वर-खाली जाणाऱ्या झेडला ५ लीडचा, नेमा २३ मापाच्या स्टेपर (पायरी-पायरीने फिरणाऱ्या) मोटारी, पाण्याने थंड होणारा २.२ किलोवॅटचा स्पिंडल (बिट फिरवणारी मोटार). सोबत पॅरलल पोर्ट असलेला कॉम्प्युटर, त्यात विंडोज एक्सपी आणि मशीन चालवणारं मॅक ३ सॉफ्टवेअर. विकणाऱ्याने लाकडात एक फूल कोरून दाखवलं. फूल छानच आलं, कारण फुलात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. मी एक चौकोन आणि त्याच्या आत एक वर्तुळ कापायला सांगायला हवं होतं. अक्ष जिथे दिशा बदलतो त्या चार जागी वर्तुळाला बारीक पायरी दिसली तर बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारा स्क्रूचा ढिलेपणा) आहे, आणि चौकोनाचे कर्ण जुळले नाहीत तर गॅन्ट्री (स्पिंडल वाहून नेणारा आडवा पूल) तिरपी आहे. दोन मिनिटांचं काम, पण तेव्हा सुचलं नाही.

मशीन जागेवर बसवताना मी स्पिरिट लेव्हल घेऊन पायांशी बराच वेळ खेळलो. राउटर अगदी समतल असण्याची गरज नसते, त्याला पीळ नसला म्हणजे झालं. पीळ बघायची पद्धत साधी आहे. बेडच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोरे ताणून बांधायचे. मधोमध ते एकमेकांना जेमतेम शिवले, की बेड सपाट. मग वरचा दोरा खाली आणि खालचा वर करून पुन्हा बघायचं. माझ्याकडे एकदा दोरे चिकटत होते, उलटं केल्यावर मध्ये फट दिसत होती. एका पायाखाली पत्रा सारल्यावर दोन्ही वेळा सारखं आलं.

काटकोनासाठी गुण्या लावून भागत नाही, गुण्या फारच लहान पडतो. मशीनकडूनच ५०० बाय ८०० च्या आयताच्या चार कोपऱ्यांना भोकं पाडून घेतली आणि कर्ण मोजले. दोन्ही ९४३.४ यायला हवे होते. फरक निघाला १.६ मिलिमीटरचा, म्हणजे ५०० मिलिमीटर रुंदीत गॅन्ट्री जवळजवळ एक मिलिमीटर तिरकी. वायचा स्क्रू एकच, मधोमध आहे. त्यामुळे सॉफ्टवेअरमधून काही करता येत नाही. गॅन्ट्रीच्या एका बाजूचे बोल्ट ढिले करायचे, ढकलायचं, आवळायचं, पुन्हा भोकं पाडायची. पाचव्या खेपेला फरक ०.२ वर आला आणि मी तिथेच थांबलो.

आता ती चूक. पहिल्या महिन्यात एक त्रास सुरू झाला: अर्धा-पाऊण तासाचं काम असलं, की मध्येच वाय अक्ष दोन-तीन मिलिमीटर सरकलेला सापडायचा. आधीच्या खाचेशेजारी नवी खाच, आणि जॉब कचऱ्यात. मला वाटलं, दोष कॉम्प्युटरचाच असणार. एक्सपीचे अपडेट २०१४ च्या एप्रिलमध्येच बंद झाले, आणि मॅक ३ चा पॅरलल पोर्ट ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाही, म्हणजे पुढचा रस्ताही बंद. हे सगळं खरं असल्यामुळेच संशय पक्का झाला. टीन्सी ४.१ या मायक्रोकंट्रोलरवर ग्रबलएचएएल हे सॉफ्टवेअर चालवणारा नवा कंट्रोलर बोर्ड मागवला, दोन आठवडे घालवून सगळी वायरिंग नव्याने केली, आणि पहिलंच मोठं काम लावलं. पस्तिसाव्या मिनिटाला वाय सरकला.

शेवटी एका कायमस्वरूपी मार्करने छडा लावला. मोटारीचा शाफ्ट, स्क्रू आणि त्यांना जोडणारं कपलिंग यांच्यावरून एक सरळ रेघ ओढली. काम संपल्यावर पाहिलं तर रेघ तुटलेली होती. कपलिंग आवळणारा बारीक ग्रब स्क्रू गोल शाफ्टवर नुसता टेकलेला होता आणि जोराच्या झटक्यात घसरत होता. दोन्ही टोकांना क्लॅम्पने आवळणारं कपलिंग बसवलं, शाफ्ट तेल पुसून स्वच्छ केला. त्या दिवसापासून तक्रार नाही. तिन्ही अक्षांवर अशी रेघ आजही आहे आणि दर आठवड्याला नजर टाकतो.

जुन्या कॉम्प्युटरची माफी मागावी असं मग वाटलं. कुतूहल म्हणून त्याच्यावर लिनक्ससीएनसी (लिनक्सवर मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून लेटन्सी टेस्ट, म्हणजे कॉम्प्युटर वेळेवर प्रतिसाद देतो का याची चाचणी, चालवली. आकडा १२ मायक्रोसेकंदांच्या आसपास आला, जो पॅरलल पोर्टवरून स्टेप काढण्यासाठी उत्तम मानला जातो. हिशेब आधीच करता आला असता. मोटार २०० स्टेपची, तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर प्रत्येक स्टेपचे ८ मायक्रोस्टेप करणारा, म्हणजे एका फेऱ्याला १६०० आणि १० लीडला प्रति मिलिमीटर १६०. मिनिटाला ६००० मिलिमीटर वेगाने जायचं तर सेकंदाला १६,००० पल्स लागतात. मॅक ३ नेहमीच्या सेटिंगवर २५,००० देतो. कमी काहीच पडत नव्हतं.

मग नवा कंट्रोलर वाया गेला का? तसंही नाही. आता लॅपटॉपवरून काम पाठवता येतं, होमिंग (ठरलेल्या मूळ जागी परतणं) विश्वासाने होतं, आणि प्रोब प्लेटवर (बिट टेकल्याचं कळवणारी पट्टी) जी ३८.२ ही आज्ञा देऊन झेडचा शून्य काढायला काही सेकंद पुरतात. कागदाचा तुकडा सरकवत बिट खाली आणायचे दिवस गेले. पण या सोयी चौथ्या-पाचव्या महिन्यात आल्या असत्या तरी चाललं असतं.

याच टप्प्यावर आणखी एक मोह होतो, प्रति मिलिमीटर स्टेपचा आकडा टेपने मोजून बदलायचा. बॉल स्क्रू असेल तर तसं करू नका. १०० मिलिमीटर सांगून ९९.८ येत असेल, तर आकडा १६० चा १६०.३ केल्याने ढिलेपणा झाकला जातो, जात नाही.

नव्या बोर्डने एक नवं दुखणंही आणलं. स्पिंडल सुरू केला, की मशीन लिमिट स्विच (अक्ष टोकाला पोचल्याचं कळवणारा) दाबला गेल्याचा अलार्म देऊन थांबायचं. कारण व्हीएफडी, म्हणजे स्पिंडलचा वेग बदलणारा वीजपुरवठा. स्पिंडलला जाणाऱ्या तारांतून तो इतका विद्युत गोंधळ सोडतो, की शेजारून जाणाऱ्या सिग्नलच्या तारेला तो स्विचच वाटतो. उपाय तीन केले: स्पिंडलला शील्ड असलेली केबल घालून शील्ड व्हीएफडीच्या अर्थिंगला जोडली, सिग्नलच्या तारा वेगळ्या मार्गाने नेल्या, आणि लिमिट स्विच २४ व्होल्टवर ऑप्टोकपलरमार्फत (प्रकाशाने सिग्नल पोचवणारा भाग), नॉर्मली क्लोज्ड पद्धतीने, म्हणजे एरवी सर्किट जोडलेलं राहील असे, लावले. नॉर्मली क्लोज्डचा फायदा असा, की तार तुटली तर मशीन थांबतं, धडकत नाही.

हे करताना मल्टीमीटरने स्पिंडलची बॉडी आणि कनेक्टरची चौथी, म्हणजे अर्थिंगची पिन तपासली. जोड नव्हताच. इतकी वर्षं स्पिंडल अर्थिंगशिवाय चालला होता. जुनं मशीन घेतलं असेल तर बाकी सगळं सोडून आधी हे तपासा. फक्त व्हीएफडी उघडण्यापूर्वी वीज बंद करून काही मिनिटं थांबा, आतले कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत.

व्हीएफडीची सेटिंगही स्वतः वाचून घ्यावी. दोन पोलची मोटार, ४०० हर्ट्झला २४,००० आरपीएम. बेस फ्रिक्वेन्सीच्या जागी चुकून ५० राहिली, तर ५० हर्ट्झलाच पूर्ण व्होल्टेज मिळून मोटार जळते. माझ्या मशीनवर ती बरोबर होती, मात्र खालची मर्यादा शून्य होती. ती १०० केली, म्हणजे ६००० आरपीएमच्या खाली फिरवायचा मोहच नको.

थंड करणाऱ्या पाण्याची बादली हा वेगळाच प्रकार. उघडी होती, तळाशी हिरवं शेवाळ, नळ्या पिवळ्या आणि कडक. झाकण, नव्या नळ्या, डिस्टिल्ड वॉटरमध्ये गाडीचं कूलंट, आणि पाणी वाहायचं थांबलं तर स्पिंडल बंद करणारा फ्लो स्विच. विषय संपला.

सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त सुधारणा कोलेटने (बिट पकडणाऱ्या बाहीने) दिली. जुन्या ईआर २० कोलेटवर बिट डायल गेजला ०.०६ चा हेलकावा दाखवत होता, नव्यावर ०.०२. कोलेट ही झिजणारी वस्तू आहे, हे आधीच्या मालकाला बहुधा ठाऊक नव्हतं. कोलेट आधी नटमध्ये तिरपा धरून टक् आवाज होईपर्यंत बसवायचा असतो आणि मग नट स्पिंडलवर चढवायचा असतो. उलट केलं तर बिट तिरका धरला जातो आणि काढताना कोलेट आत अडकतो.

खर्चाचं खरं समाधान मात्र झेड अक्षाने दिलं. स्पिंडल हाताने ढकलला की हलताना दिसत होता, आणि एमडीएफमध्ये ३ मिलिमीटरच्या खोलीलाच बिट थरथरायचा. फक्त झेडवर १५ मिलिमीटरच्या प्रोफाइल रेल बसवल्या. मागची प्लेट मिलिंग करून सपाट घेतली, नाहीतर रेल वाकड्या पृष्ठभागाचाच आकार घेतात. एक्स-वायचे गोल रॉड तसेच ठेवले. त्यांच्या ब्लॉकला बाजूने एक स्क्रू असतो, तो किंचित आवळल्यावर प्ले बराचसा गेला. आता ६ मिलिमीटरच्या दोन धारांच्या बिटाने १८,००० आरपीएमवर ६ मिलिमीटर खोल, मिनिटाला ३६०० ने जातो. म्हणजे प्रत्येक धार ०.१ चा कीस काढते. पूर्वी घाबरून १२०० वर चालवायचो. तेव्हा कीस न निघता पीठ निघायचं, आणि बिट तापून बोथट व्हायचे.

नवा झेड बसवल्यावर स्पिंडल काटकोनात आणला. स्पिंडलला दांडी, दांडीला डायल गेज, हाताने फिरवून चारही बाजूंचं वाचन. १०० मिलिमीटर त्रिज्येवर पुढे-मागे ०.२५ चा फरक होता. प्लेटमागे फीलर गेजची पातळ पानं सारून ०.०३ वर आणला. मग बेडवरचा १८ मिलिमीटरचा एमडीएफ २५ च्या बिटाने साफ केला. नखाने पट्टे चाचपून पाहिले, जाणवले नाहीत.

एमडीएफ साफ करायला घेण्याआधी धूळ ओढायची सोय हवी. ती मी उशिरा केली. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असं आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तिला पहिल्या गटात टाकून स्पष्ट म्हटलं आहे. व्हॅक्यूम आणि त्याआधी सायक्लोन (हवेतून धूळ वेगळी करणारा) असूनही मास्क सोडत नाही. धूळ रॉडवरच्या ग्रीसमध्ये मिसळून घासणारी लेप बनते, हा जोडीचा त्रास. म्हणून ग्रीस लावण्याआधी जुनं पुसून काढतो.

सातव्या महिन्यात झेडची मोटार मधूनच घरघरायला लागली. या वेळी शहाणा झालो होतो, बोर्डावर संशय न घेता ड्रॅग चेन (तारा वाहून नेणारी साखळी) उघडली. एका तारेचं आतलं तांबं वाकून वाकून तुटलं होतं, वरचं प्लास्टिक शाबूत. साधी तार तिथे टिकत नाही, सतत वाकण्यासाठीच बनवलेली केबल लागते. एक तुटली म्हणून सगळ्याच बदलल्या.

एक गोष्ट अजून राहिली आहे. एक्सचा बॅकलॅश डाव्या बाजूच्या २०० मिलिमीटरमध्ये ०.०९ आहे आणि उरलेल्या भागात ०.०३. आधीचा मालक बहुधा प्रत्येक जॉब त्याच कोपऱ्यात बांधायचा, स्क्रू तिथेच झिजला. सॉफ्टवेअरमधली भरपाई एकच आकडा घेते, त्यामुळे एकीकडे बरोबर केलं की दुसरीकडे बिघडतं. नव्या स्क्रूची मापं घेऊन ठेवली आहेत. तोवर बारीक जॉब उजवीकडे बांधतो आणि डावीकडे फळ्या कापतो.