ठाण्याच्या नौपाड्यातला शनिवारचा लँडस्केपचा क्लास: पैसे वसूल, फक्त तो चार्ट सोडून

लेक आठवीत आहे, चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिलीये, स्मरणचित्र वगैरेला हात बसलाय तिचा, पण निसर्गचित्र काढ म्हटलं की दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी आणि कौलारू घर. आणि आम्ही राहतो कुठे तर पाचपाखाडीत सातव्या मजल्यावर. म्हणून जूनमधे या क्लासला घातलं. सहा शनिवार, तीन हजार फी, कागद-रंग आपले आपण.

पहिल्या दिवशी मी वैतागलेच. सरांनी एका चार्टची झेरॉक्स वाटली, झाड म्हणजे जीवन, नदी म्हणजे काळ, वाट म्हणजे प्रवास वगैरे, आणि पोरीने ती घरी येऊन गाईडसारखी पाठ केली. म्हटलं झालं, गेले तीन हजार.

पण दुसऱ्या शनिवारी प्रोजेक्टरवर कॅनडाचा चित्रकार टॉम थॉमसन याचं 'द जॅक पाइन' हे चित्र लावलं, १९१६-१७ चं, तळ्याकाठी फांद्या लोंबणारं पाइनचं झाड आणि पलीकडे डोंगर. मुलं लगेच ओरडली, जीवन! सर म्हणाले, ते राहू दे, या चित्रात काय काय नाहीये ते सांगा. घर नाही, होडी नाही, माणूस नाही. मग त्यांनी सांगितलं की थॉमसन १९१७ मधे तळ्यात बुडून गेला, त्याच्या मित्रमंडळींनी १९२० मधे ग्रुप ऑफ सेव्हन हा चित्रकारांचा गट काढला, आणि अशी निर्मनुष्य तळी-जंगलं म्हणजेच खरा कॅनडा हे चित्रं बघून बघून लोकांच्या मनात बसलं. पण तिथले मूळ रहिवासी तर पिढ्यान् पिढ्या त्याच जंगलात राहत होते, ते चित्रात आलेच नाहीत, आणि यावर पुढे बरीच टीका झाली. मी मागच्या बाकावर होते (पालकांना बसू देतात, हे एक बरंय), अख्ख्या शाळेत चित्रकलेचा असा तास मला कधी मिळाला नव्हता.

पुढच्या आठवड्याला विषय ठाण्याची खाडी. सगळ्यांनी, अगदी सगळ्यांनी, फ्लेमिंगो काढले. सरांनी शांतपणे विचारलं, बाहेर पाऊस पडतोय, या दिवसांत किती जणांनी पाहिलेत? एकानेही नाही. बहुतेक फ्लेमिंगो पावसाळ्याआधीच निघून जातात, मुलांनी फोटो बघून काढलेले. आणि चेंदणी कोळीवाडा स्टेशनपासून चालत जाण्याएवढा, तरी एकाच्याही चित्रात जाळं नाही की होडी नाही. मग तिवरं, चिखल, खाडीपूल, हायटेन्शनचे टॉवर, यातलं काय ठेवायचं आणि का, यावर तासभर नुसती भांडाभांडी. माझ्या मते फीचे पैसे तिथेच वसूल झाले.

तक्रारी आहेतच. उपवन तलावाला नेणार होते तो शनिवार पावसात गेला, बदली तास नाही, पैसेही परत नाहीत. कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांना, ज्यांनी कोटितीर्थ तलावाचा परिसर परत परत रंगवला, जेमतेम पंधरा मिनिटं, हे मला खटकलं. एसी नाही, गाडी लावायला जागा तर विसराच, रिक्षाने जा.

लेकीने शेवटी खाडीच काढली. करडं पाणी, उलटी घातलेली होडी, मागे टॉवर. आजोबा चष्मा पुसून म्हणाले, छान आहे गं, पण ते गुलाबी पक्षी कुठायत? ती म्हणाली, नोव्हेंबरात येतील, तेव्हा काढीन.